नवा पाळीव उंदीर सारखा शिंकतोय, नाकाशी लाल दिसतंय : आधी काय तपासायचं आणि डॉक्टर कधी गाठायचा

कुणी घरी नवे उंदीर आणले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो. पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं : "दादा, सारखा शिंकतोय, आणि नाकातून रक्त यायलंय."

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचं काम करतो. २०१७ पासून आमच्या घरात पाळीव उंदीर आहेत. पांढरे, भुरे, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखे दिसणारे, सगळे सांभाळून झाले. ओळखीत कुणी उंदीर पाळले आणि काही बिघडलं की निरोप माझ्याकडं येतो, आणि दुखणं जवळपास दर वेळी एकच असतं. बंद पडलेली मोटर टेबलावर आली की आम्ही आधी फ्यूज बघतो, मग वायर, मग कपॅसिटर. वाइंडिंग उघडतो ते सगळ्यात शेवटी. शिंकणाऱ्या उंदराचंही मी तसंच करतो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी डॉक्टर. एका प्रकारात मात्र हा क्रम उलटा करायचा असतो. त्यामुळं लक्षणं नीट वाचा.

लक्षणं

वेळ हाताशी असलेला उंदीर असा दिसतो : थोड्या थोड्या वेळानं शिंकतो, कधी एका दमात आठ-दहा शिंका देतो. नाकपुड्यांच्या कडेला किंवा डोळ्यांच्या कोपऱ्यात तांबूस-लाल खपली असते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूच्या केसांवरही तोच रंग असतो, कारण तो हातानं तोंड पुसतो. पण खातो-पितो, रात्री पिंजऱ्यात धावतो, हाक मारली की जाळीशी येतो. असं असेल तर घाबरू नका, खालच्या तपासण्या एकेक करून करा.

वेळ हाताशी नसलेला उंदीर वेगळाच दिसतो. तोंड उघडून श्वास घेतो. बरगड्यांखालची कूस लोहाराच्या भात्यासारखी आत-बाहेर होते. शेपूट, कान, पावलं निळसर किंवा राखाडी पडतात. केस पिंजारून, पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसतो. आवडीचा घास नाकाशी धरला तरी तोंड फिरवतो. कानाशी धरला तर छातीत घरघर किंवा टिकटिक ऐकू येते. यातलं एक जरी दिसलं तरी तपासण्या सोडा आणि डॉक्टर गाठा. उंदीर फक्त नाकानं श्वास घेतो. आपलं नाक चोंदलं की आपण सहज तोंडानं श्वास घेतो, त्याला तसं जमत नाही. त्यानं तोंड उघडलं म्हणजे तो अगदी शेवटच्या टोकाला आलाय. शिवाय हा दुसऱ्याची शिकार होणारा जीव आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. आपल्याला ते दिसायला लागतं तेव्हा आत बरंच पुढं गेलेलं असतं.

याच्यासारखं दिसणारं दुसरं एक दुखणं सांगून ठेवतो. खाता खाताच उंदीर अचानक थांबला, हनुवटी छातीशी ओढायला लागला, तोंडातून लाळ गळायला लागली, तर घास अडकलाय. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळं अडकलेलं बाहेर काढायला त्याला वेळ लागतो. खाणं बाजूला काढा आणि त्याला शांत, अंधाऱ्या जागी राहू द्या. बहुतेक वेळा आपोआप सुटतं. रंग निळा पडायला लागला किंवा त्रास थांबेना तर दवाखाना. चिकट पेंडखजूर, दाण्याच्या कुटाचा गोळा, ताजा मऊ ब्रेड असलं काही देऊ नका.

ते लाल रक्त आहे का, हे आधी बघा

फुकटातली पहिली तपासणी हीच. उंदराच्या डोळ्यामागं हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. डोळा ओला ठेवणारा स्राव तिच्यातून येतो आणि त्यात पोर्फायरिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतं. डोळ्यातली नळी नाकात उतरते, म्हणून तो रंग नाकाशीही दिसतो. वाळला की थेट रक्ताच्या खपलीसारखा वाटतो. २०१७ मध्ये पहिल्यांदा बघितल्यावर माझी पोरगी रडायलाच लागली होती, आणि माझेही हात थंड पडले होते.

ओल्या कापसानं ती खपली हळू पुसून घ्या. दुकानदार नोटा तपासायला वापरतात ती निळी बत्ती कुणाकडनं तरी मागून आणा. खोलीत अंधार करा आणि बत्ती त्या कापसावर धरा. उंदराच्या डोळ्यांवर अजिबात मारू नका. कापसावरचा डाग गुलाबी-लाल चमकला तर ते पोर्फायरिन. रक्त असं चमकत नाही. खरंच रक्त असेल तर डॉक्टर, त्यात दुसरा विचार नाही.

पोर्फायरिन निघालं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. पॅनेलवरचा लाल दिवा म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाची खूण. जागा बदलली, दचकला, आजारी पडला किंवा अंग चाटून-पुसून स्वच्छ ठेवण्याइतकी ताकद राहिली नाही की ते साचतं. दिवसातून एकदा थोडं दिसलं आणि त्यानं स्वतःच पुसून टाकलं तर चालतं. सकाळी पुसलेलं दुपारी परत तितकंच दिसत असेल तर पुढं तपासत राहायचं.

इथंच आणखी एक बघून घ्या : दोन्ही डोळ्यांना आहे की एकाच? हवेचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर सहसा दोन्हीकडं दिसतं. एकाच डोळ्यातून येत असेल तर त्या डोळ्यात काडी-कुसळ गेलंय का, डोळ्यावर ओरखडा आहे का, त्या बाजूच्या दाताचं मूळ दुखावलंय का, असा विचार करावा लागतो. पिंजऱ्यातली हवा सुधारून ते बरं होणार नाही. एका डोळ्याचं दुखणं दोन दिवसांत थांबलं नाही तर थेट डॉक्टरकडं.

किती दिवस झाले आणून?

नव्या घरात आलेला उंदीर पहिला आठवडा-दहा दिवस शिंकतो. त्याचं सगळं जग वासावर चालतं, आणि तुमच्या घरातला एकही वास त्याच्या ओळखीचा नसतो. त्यात एसटीचा प्रवास, खोक्यातली कोंडमाऱ्याची हवा, मग गल्लीतली सगळी पोरं पिंजऱ्याभोवती. या शिंकांना औषध लागत नाही, निवांतपणा लागतो. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना सुती चादर टाका, एक बाजू मोकळी ठेवा. दोन-तीन दिवस हातात घ्यायची घाई करू नका. आणल्या आणल्या आंघोळ तर घालूच नका. शाम्पूचा वास, गारठा आणि भीती, तिन्ही एकाच वेळी त्याच्या अंगावर येतात.

शिंका कमी होतायत की वाढतायत, हे "वाटतंय" यावर सोडू नका. मी रोज रात्री आठ ते आठ दहा पिंजऱ्याजवळ बसतो, शिंका मोजतो आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहितो. आकडा रोज थोडा थोडा उतरत असेल तर काही करू नका. दोन आठवडे झाले तरी तिथंच असेल किंवा चढत असेल, तर दोष घराचा किंवा फुप्फुसाचा. आधी घर तपासायचं, कारण ते स्वस्त आहे.

सकाळी पिंजऱ्यात नाक घाला

खरोखर नाक घालायचं. सकाळी खिडकी उघडायच्या आधी पिंजऱ्याच्या तळाशी, ते झोपतात तिथं, नाक नेऊन दीर्घ श्वास घ्या. नाकात किंवा डोळ्यांत थोडं जरी झोंबलं तर तो अमोनिया. त्यांच्या मुतातल्या युरियाचा जिवाणूंमुळं अमोनिया होतो, आणि तो तळाशी ओल्या थरात साठतो. आपण उभ्या उभ्या वास घेतो तेव्हा काही कळत नाही. उंदीर मात्र दिवसभर त्या थरावर नाक टेकून झोपलेला असतो. उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हवेत २५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग, एवढाच अमोनिया असला तरी त्यांचा श्वासाचा आजार बळावलेला दिसलाय. इतका अमोनिया असलेल्या खोलीत माणूस नाक जरा मुरडतो आणि कामाला लागतो.

ओली जागा रोज उचलून टाका. सगळं अंथरूण आठवड्यातून दोनदा बदला, पावसाळ्यात तीनदा. पिंजरा साध्या साबणानं नाहीतर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून धुवा आणि पूर्ण वाळवा. मात्र रोजच्या रोज घासूनपुसून अगदी कोरा करायच्या नादाला लागू नका. आपला वास पुसला गेला की उंदीर घाबरून पुन्हा जागोजागी मुततो आणि काम दुप्पट होतं. अंथरूण बदलताना जुन्यातला एक कोरडा तुकडा नव्यात ठेवायचा. हे कळायला मला वर्ष लागलं.

पिंजरा म्हणून माशांची काचेची टाकी वापरत असाल तर ती आजच काढा. वरचं झाकण जाळीचं असलं तरी तळाची हवा हलत नाही. चारी बाजूंनी सळ्यांचा, तळाला प्लास्टिकचा ट्रे असलेला पिंजरा हवा. लहान पिल्लं असतील तर सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर बाहेर पडतात.

अंथरूण कशाचं आहे?

आमच्या पहिल्या दोघींची गोष्ट इथं येते. एक मुलगा कॉलेज संपवून गावाला चालला होता, त्यानं दोन माद्या पोरीच्या हवाली केल्या. एक गुळाच्या रंगाची आणि पांढऱ्या पोटाची, तिचं नाव पोरीनं काकवी ठेवलं. दुसरी पांढरीशुभ्र, ती साय. मुलानं सोबत पोतंभर लाकडाचा भुसा दिला होता, वखारीतून आणलेला. चौथ्या दिवशी दोघी शिंकायला लागल्या. मी ज्या दुकानात विचारायला गेलो, तिथं मला लहान मुलांचं सर्दीचं सिरप देऊन पाठवलं, आणि ते मी पाजलंही. आज ते आठवलं की मन खातं. माणसाचं सर्दीचं औषध उंदराला कधीच देऊ नका. एवढ्याशा जिवाला त्याचं माप कळायचा काही मार्गच आपल्याकडं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पिंजरा धुताना मी पोत्यातला भुसा मुठीत घेतला आणि वर उधळला. खिडकीतल्या उन्हात धूळ दिसली, आणि मलाच शिंक आली. त्या दिवशी सगळा भुसा बाहेर काढला. जुनी वर्तमानपत्रं फाडून घातली, त्यावर साध्या टिशू पेपरचे तुकडे, झोपायला जुन्या सुती कपड्याचे तुकडे. कॅलेंडरवरचा आकडा पाचव्या दिवशी निम्म्यावर आला.

भुशात दोन दोष असतात. एक बारीक धूळ. दुसरा लाकडाचा स्वतःचा वास. पाइन आणि देवदारासारख्या लाकडात वास देणारी फिनॉल जातीची द्रव्यं असतात. ती श्वासनलिकेला झोंबतात आणि यकृतावरही ताण आणतात. पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड बऱ्याचदा पाइनचंच असतं, म्हणून "आमच्या सुताराकडचा स्वच्छ भुसा आहे" यावर जाऊ नका. ज्या लाकडाचा वास आपल्याला छान वाटतो, ते त्यांच्यासाठी वाईट, असं धरून चाला. साळीचं तूस आणि जनावरांचा वाळला चाराही धुळीसाठी असाच तपासा : मूठभर घ्यायचा, उन्हात उधळायचा, बघायचं. कपड्याचे तुकडे देताना सुटे दोरे कापून टाका. बोटांत गुंडाळले की रक्त थांबतं आणि बोट जातं.

भुसा बदलून दहा दिवस थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठं होता ते कळत नाही आणि तीन महिन्यांनी परत तिथंच येता.

खोलीत काय जळतंय, काय शिंपडलं जातंय?

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण घरातल्या माणसांना याची इतकी सवय झालेली असते की विचारलं तरी "काही नाही हो" असंच उत्तर येतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात मंगळवार पेठेतल्या एका काकूंचा फोन आला. नातवानं आणलेले उंदीर महिनाभर ठणठणीत होते आणि एका दिवसात शिंकांनी बेजार झाले. मी अंथरूण विचारलं, वास विचारला, सगळं बरोबर. मग विचारलं, "काकू, चटणी कधी केलीसा?"

"परवाच की. मिरच्या घरातच भाजल्या, कांडायला तेवढ्या डंकावर दिल्या. पण उंदराचा आणि चटणीचा काय संबंध?"

पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात होता. संकेश्वरी मिरची भाजताना सगळी गल्ली खोकते, तिथं मूठभर जिवाची काय कथा. पिंजरा मागच्या खोलीत नेला, दार लावून घेतलं, चार दिवसांत बरे झाले. कोल्हापुरात मार्च ते मे चटणीचे दिवस असतात. त्या दिवसात पिंजरा शेवटच्या खोलीत, हे मी आता आधीच सांगून ठेवतो. रोजच्या झणझणीत फोडणीलाही तेच लागू.

बाकीची यादी मी अशी विचारतो : फरशी फिनाइलनं पुसता का? पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती, धूप, कापूर जळतो का? रात्री डासांची कॉइल लावता का? पिंजऱ्याजवळच्या कपाटात डांबरगोळ्या आहेत का? घराला नवा रंग दिलाय का? अंगावर मारायचा सेंटचा फवारा त्याच खोलीत मारता का? यातल्या एकाला जरी "हो" असेल तर तेवढं दहा दिवस बंद करा. देवापुढची उदबत्ती बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, पिंजरा देवघरापासून लांब न्या एवढंच सांगतो. डासांसाठी पिंजऱ्याला मच्छरदाणीचं कापड बाहेरून लावता येतं, फक्त ते दातांच्या टप्प्यात येऊ देऊ नका. डांबरगोळ्या मात्र घरातूनच काढा. त्या नुसत्या झोंबणाऱ्या नाहीत, विषारी आहेत.

पाऊस, ऊन, गारठा

पावसाळ्यात आपल्याकडं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पिंजऱ्यातला कागदही सादळतो. सादळलेल्या कागदाला बुरशी धरते आणि अमोनियाही लवकर होतो. जुलै-ऑगस्टात मी कागद आधी तव्याच्या उरलेल्या उबेवर कोरडा करून घालतो. पिंजरा ओल धरलेल्या भिंतीपासून हातभर पुढं ओढा.

पुराचं वेगळं बघावं लागतं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठच्या भागात गटारीतले उंदीर-घुशी वर येतात, घरात शिरतात. २०१९ ला आणि २०२१ ला आम्ही ते बघितलं. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा रोग पसरतो, आपल्या उंदरांना आणि आपल्यालाही. त्या दिवसात पिंजरा उंचावर ठेवा, धान्य डब्यात बंद ठेवा, आणि बाहेरचा उंदीर पिंजऱ्यावरून फिरून गेल्याचा संशय आला तर सगळं अंथरूण टाकून पिंजरा धुवा. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

उन्हाळ्यात धाप लागते ती वेगळी. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो. खोली ३० अंशांच्या वर गेली की त्याला जड जातं. पत्र्याच्या घरात ठेवला असेल तर दुपारी फरशीचा गार तुकडा आणि ओलं फडकं द्या, पंखा थेट अंगावर नको. थंडीत पहाटेचा वारा खिडकीतून सरळ पिंजऱ्यावर येत नाही एवढं बघा.

एकटा आहे का, की नुकतीच जोडी लावली?

एकट्या उंदराला सतत ताण असतो, आणि ताणानं आत दबलेला आजार वर येतो. पाळायचे तर दोन तरी पाळा. पण घरात आधीचे उंदीर असतील तर नवा थेट त्यांच्यात सोडू नका. दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत, आणि रोज आधी जुन्यांचं करून मग नव्याचं. एकाला हाताळून दुसऱ्याकडं जाताना हात धुवायचे, शर्ट बदलायचा. कंटाळवाणं आहे, पण नव्या शिंकणाऱ्या उंदरामुळं जुने चारही आजारी पडल्याचं मी एका घरात बघितलंय.

वजन आणि श्वास : इथून खर्च सुरू होतो

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, ग्रॅम दाखवणारा. वरती प्लास्टिकचा डबा ठेवा, शून्य करा, उंदीर बसवा. आठवड्यातून एकदा, आजारी असताना रोज. डोळ्यांना उंदीर तसाच दिसत असतो आणि काटा आधी सांगतो. ३०० ग्रॅमची मादी २७० वर आली, म्हणजे दहावा हिस्सा गेला, तर शिंका कमी असल्या तरी डॉक्टरकडं न्यायचंच. वाढत्या पिल्लाचं वजन नुसतं थांबलं तरी तोच अर्थ.

श्वास मोजायला तो झोपला असताना मोबाइलवर कुशीचा व्हिडिओ घ्या. नंतर सावकाश चालवून १५ सेकंदांतले श्वास मोजा, चारनं गुणा. निवांत उंदराचे मिनिटाला साधारण ७० ते ११५ श्वास असतात. आकड्यापेक्षाही श्वास कसा घेतो ते बघा. नुसती छाती हलते, की पोट आणि डोकंही प्रत्येक श्वासाला हलतंय? डोकं हलत असेल तर तो ओढून ओढून श्वास घेतोय. तो व्हिडिओ जपून ठेवा, डॉक्टरला दाखवायचा आहे.

इथं आपण थांबायचं

हवा, अंथरूण, धूर, ओल सगळं दुरुस्त केलं, दोन आठवडे गेले आणि आकडा उतरला नाही. किंवा वजन उतरलं. किंवा छातीत आवाज आला. किंवा मान एका बाजूला कलायला लागली. आता हे घरच्या दुरुस्तीचं काम राहिलेलं नाही. बहुतेक वेळा यामागं मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू असतो. जवळजवळ सगळ्या पाळीव उंदरांत तो आईकडूनच आलेला असतो आणि आयुष्यभर राहतो. धूर, अमोनिया, ताण यांनी त्याला वाव मिळतो, म्हणून वरच्या तपासण्यांवर मी एवढा वेळ घालवला. पण एकदा तो फुप्फुसात पसरला की नुसतं अंथरूण बदलून भागत नाही.

काकवी अशीच गेली. २०१९ च्या जानेवारीत ती पुन्हा शिंकायला लागली. मला वाटलं, मला आता सगळं कळतं. कागद बदलला, पिंजरा हलवला, वाट बघितली. कूस उडताना दिसली तरी दोन दिवस मी "अजून एक दिवस बघू" म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं नेली तेव्हा तिची पावलं निळी होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "परवा आणायला हवी होती." त्यानंतर कूस उडताना दिसली की मी पिंजरा न धुता गाडीला किक मारतो, आणि तुम्हीही तसंच करा.

आपला जिल्हा दुधाचा, इथले बरेच पशुवैद्य गाई-म्हशींचे नाहीतर कुत्र्यांचे. म्हणून जायच्या आधी फोन करून सरळ विचारा : "पांढरे उंदीर, ससे, गिनीपिग बघता का?" नाही म्हणाले तर कोण बघतं ते त्यांनाच विचारा. हे काम उंदीर धडधाकट असतानाच करून नंबर पिंजऱ्याला चिकटवून ठेवा. मोठी तपासणी लागली तर पुणे रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही आधी फोन करून विचारूनच निघा. जाताना वजनाचे आकडे, शिंकांचे आकडे, व्हिडिओ आणि सोबतीचा दुसरा उंदीर घेऊन जा. एकटा नेला तर तो प्रवासातच खचतो.

डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सिसायक्लिन किंवा एनरोफ्लॉक्सासिन अशी अँटिबायोटिक देतात. माप वजनावर ठरतं, म्हणून मेडिकलमधून गोळी आणून अंदाजानं चुरून घालू नका. घरोघर होणारी चूक म्हणजे डॉक्सिसायक्लिन दुधातून पाजणं. दुधातल्या कॅल्शियममुळं ते औषध अंगी नीट लागत नाही आणि मग "औषधाचा उपयोग नाही" असं ठरवलं जातं. मऊ भाताच्या घासात किंवा शिजवलेल्या भोपळ्यात देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. शिंका चौथ्या दिवशी थांबल्या तरी सांगितलेले सगळे दिवस पूर्ण करा. नाकाला बाम चोळणं, निलगिरीची वाफ देणं हे अजिबात नको.

या काळात खाणं मऊ आणि ताकदीचं द्या : गुरगुट्या भात, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, शिजवलेले मूग, कुस्करलेली भाकरी. पोह्यांचा किंवा पिठाचा कोरडा चुरा नको, तोही नाकात जातो.

घरातल्या माणसाला उंदीर चावला आणि नंतर ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी असं काही झालं, तर डॉक्टरला उंदीर चावल्याचं आवर्जून सांगा. चावण्यातून येणारा ताप वेगळा असतो आणि सांगितल्याशिवाय तो त्यांच्या ध्यानात येणं अवघड.

बरा झाल्यावरही रात्री आठची मोजणी महिनाभर चालू ठेवा. आकडा पुन्हा चढला तर मागच्या वेळी सापडलेला दोषच असणार असं धरू नका, पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरू करा. उन्हाळ्यात चटणी असते, श्रावणात सादळलेला कागद असतो, आणि आमच्या सायच्या बाबतीत तर चौथ्या वेळी शेजारच्या घराला दिलेला ऑइल पेंट निघाला होता.